बावीस मिनिटांचं प्रकरण

त्या सोमवारी अक्षताच्या डोक्यात एकच काम होतं. धुळाप्पांच्या मेमरी कार्डात जागा करायची.

धुळाप्पा अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका खेड्यात राहायचे. सगळा जन्म मेंढरांमागं गेला, आणि साठीच्या आधीच काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले. तेव्हापासून त्यांना पुस्तकं ऐकायचा नाद लागला होता. ती पुस्तकं त्यांना अक्षता आणि तिचा नवरा गुरुशांत पुरवत. सोलापुरात, भवानी पेठेतल्या एका मागाच्या कारखान्याच्या माडीवर ही दोघं अंधांसाठी बोलक्या पुस्तकांचं वाचनालय चालवायची. कुणी शिक्षक, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, अशी माणसं यायची, पुस्तक मोठ्यानं वाचायची. ते रेकॉर्ड व्हायचं आणि नखाएवढ्या कार्डात भरून गावोगाव जायचं.

सकाळी धुळाप्पांचा फोन आला होता. "ताई, कार्ड भरलं की. नवं पुस्तक बसंना झालंय."

"मामा, आमच्या फाईलीच जड आहेत," अक्षता म्हणाली. "कॉन्स्टंट बिटरेटच्या आहेत ना."

"म्हंजे काय वो?"

तिनं जरा विचार केला. "पंगतीत वाढपी कसा सगळ्यांच्या पानात सारखीच पळी ओततो? कुणाला भूक आहे, कुणाचं पोट भरलंय, तो बघत नाही. तसं इथं प्रत्येक सेकंदाला सारखाच वाटा. बाई वाचत असू दे, नाहीतर श्वास घ्यायला थांबलेली असू दे."

"म्हंजे बोलण्याला बी तेवढंच आन् गप बसण्याला बी तेवढंच?"

"तेच तर. आता मी व्हेरिएबल करते. जिथं आवाज भरगच्च असेल तिथं जास्त, जिथं काहीच नाही तिथं अगदी नावाला. ऐकायला फरक कळत नाही, फाईल मात्र हलकी होते."

"बेस हाय," धुळाप्पा हसले. "गप बसण्याला काय लागतंय?"

हे काम खरं तर कधीच व्हायला हवं होतं. पण यंत्रांचं सगळं गुरुशांत बघायचा, आणि त्याचा या एका बाबतीत हट्ट होता. "कॉन्स्टंटच ठेव. स्वस्तातले प्लेअर व्हेरिएबलला गोंधळतात. वेळ चुकीची दाखवतात, पुढं-मागं करताना उड्या मारतात." बोलणं खोटं नव्हतं. अक्षतानं तीन वर्षं ते ऐकलं. आज तो बार्शीच्या एका कॉलेजात कार्डं पोचवायला गेला होता, संध्याकाळपर्यंत येणार नव्हता. त्याला सांगून काय करायचं, झाल्यावर दाखवू, असं म्हणून ती लॅपटॉपसमोर बसली.

एप्रिल संपत आला होता. दुपारी बाराला पेठेतल्या गल्लीत कुत्रंही दिसत नव्हतं. खाली माग चालले होते, त्यांची धडधड माडीच्या फरशीतून तळपायांना लागत होती. माडीवर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टेबल, कपाटं, पंखा. आतली खोली म्हणजे पूर्वीचं सुताचं गोदाम. दगडी भिंती, खिडकी एकही नाही. तिथं रेकॉर्डिंग व्हायचं. आवाज घुमू नये म्हणून चारही भिंतींना आणि दाराला आतून जाड चादरी ठोकल्या होत्या, इथल्याच मागांवर विणलेल्या. खोलीत कायम कोऱ्या सुताचा आणि खळीचा आंबूस वास यायचा. माग सुरू असले की दार हादरून उघडायचं, म्हणून वाचणारा आत गेला की बाहेरून कडी घालायची पद्धत पडली होती. आतल्या टेबलावर बटण होतं. ते दाबलं की दाराच्या वर लाल दिवा लागायचा. बाहेर बसलेल्यानं दिवा बघून कडी काढायची. बाहेर कुणीतरी बसायचंच, हा नियम होता.

त्या खोलीत काव्या वारली होती.

काव्या म्हणजे अक्षताची शाळेपासूनची मैत्रीण. दोघी एकाच बाकावर बसल्या, एकाच कॉलेजात गेल्या, तिथं गुरुशांत भेटला आणि तिघांचं त्रिकूट झालं. वाचनालय तिघांनी मिळून काढलं. काव्याला दमा होता, तरी तिच्यासारखं वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. कार्डं नेणारी माणसं विचारायची, काव्याबाईंचं नवं काय आहे? तीन वर्षांपूर्वीच्या अशाच एका एप्रिलमध्ये, रविवारी, अक्षता माहेरी गेली असताना काव्या वाचायला बसली. वाचून होता होताच वीज गेली, आतली हवा कोंडली, तिला दम लागला. गुरुशांतनं तिची हाक ऐकून लगेच दार उघडलं, रिक्षात घातलं, पण दवाखाना गाठेपर्यंत ती गेली. त्यानंतर महिनाभर गुरुशांत धड जेवला नव्हता. अक्षतानंच त्याला सावरलं. "तू होतास म्हणून ती एकटी गेली नाही," असं ती त्याला किती वेळा म्हणाली होती.

त्या दिवशी काव्या एका सुईणीच्या आठवणींचं पुस्तक वाचत होती. अकरावं प्रकरण. ते पूर्ण वाचून झालं होतं, बावीस मिनिटांचं. तेच तिचं शेवटचं.

अक्षतानं सगळी पुस्तकं एकदम रांगेला लावली. मूळ रेकॉर्डिंगवरून नव्या, हलक्या फाईली निघू लागल्या. दहा मेगाबाइटच्या जागी सात, बाराच्या जागी आठ. ती खुशीत बघत होती. मग एका ओळीवर रांग अडली. पट्टी हळूहळू सरकत राहिली, लॅपटॉपचा पंखा घरघरायला लागला. बऱ्याच वेळानं फाईल निघाली. अकरावं प्रकरण. त्रेसष्ट मेगाबाइट.

काहीतरी चुकलं, असं समजून तिनं पुसून पुन्हा काढली. त्रेसष्ट.

तिनं फाईलचा आलेख उघडला. कुठल्या सेकंदाला किती वाटा मिळाला, ते त्यात दिसतं. वाचन असेल तिथं रेघ उंच जाते, थांबा असेल तिथं खाली. इथं सगळं उलटं होतं. काव्या वाचत होती तिथं रेघ तळाला, बत्तीस किलोबिटवर. आणि दोन परिच्छेदांमध्ये ती थांबत होती तिथं, रिकाम्या जागी, रेघ सरळ वर. तीनशे वीस. त्याच्या वर जागाच नसते.

म्हणजे त्या थांब्यांमध्ये यंत्राला एवढं काहीतरी सापडत होतं, की सगळा वाटा देऊनही ते मावत नव्हतं.

तिनं हेडफोन लावले. काव्याचा आवाज आला, तोच, किंचित घोगरा, प्रत्येक शब्द नीट पुसून ठेवल्यासारखा. तीन वर्षांनी तो ऐकताना अक्षतानं आवाज थोडा वाढवला. पहिला परिच्छेद संपला. थांबा आला. काहीच नाही. फक्त कानावर दाब आल्यासारखं वाटलं, विहिरीत वाकून बघताना वाटतं तसं. दुसरा परिच्छेद. थांबा. पुन्हा तो दाब. आता खळीचा वासही दाट झाला, जणू हेडफोनमधूनच येत होता.

तेवढ्यात वीज गेली.

खालचे माग एकदम थांबले. इतक्या धडधडीनंतरची ती शांतता अंगावर आली. पंखा फिरत फिरत थंडावला. लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, काव्या वाचतच होती. अक्षतानं सहज मान वर केली.

आतल्या खोलीच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. मिणमिणता, पण लागलेला.

ती बघत राहिली. काव्या बोलायला लागली की दिवा विझायचा. थांबली की लागायचा.

"कोण आहे?" असं तिनं विचारलं, आणि स्वतःचाच आवाज ऐकून घाबरली. उठून तिनं कडी काढली. आत काळोख, कोंडलेली गरम हवा, टेबल, माईक. कुणी नव्हतं. मोबाइलच्या उजेडात तिनं बटण बघितलं. कुणीतरी आत्ता बोट उचलावं तसं ते हलकेच वर आलं.

ती खाली रस्त्यावर आली ती वीज येईपर्यंत वर गेलीच नाही. तिथंच, पायरीवर, तिला केराबाई भेटल्या. केराबाई म्हणजे धुळाप्पांची बायको. गुडघे दाखवायला सोलापुरात आल्या होत्या आणि नवऱ्याचं भरलेलं कार्ड घेऊन पेठेत वळल्या होत्या. परतीची गाडी गाठायची घाई होती. वीज आल्यावर अक्षतानं डोकं न चालवता निघालेल्या सगळ्या फाईली कार्डात भरल्या आणि ते केराबाईंच्या हातावर ठेवलं. अकरावं प्रकरणही त्यात गेलं, हे तिच्या संध्याकाळी लक्षात आलं.

गुरुशांत आला तेव्हा तिनं त्याला लॅपटॉप दाखवला. दिव्याचं काही बोलली नाही. त्यानं पडद्याकडं बघितलं आणि त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर घट्ट झाला.

"काय करालीस हे? सांगितलं होतं ना, कॉन्स्टंट ठेव म्हणून!"

"बघ तरी. बावीस मिनिटांचं प्रकरण आहे आणि प्लेअर दोन तास बारा मिनिटं दाखवतोय."

"तेच तर सांगतोय. व्हेरिएबलला वेळ चुकतेच. सुरुवातीचा वेग बघून प्लेअर अंदाज बांधतो."

"ते मला माहीत आहे. पण आकाराचं काय? बावीस मिनिटांना प्रत्येक सेकंदाला जास्तीत जास्त वाटा दिला तरी त्रेपन्नच्या वर फाईल जाऊ शकत नाही, गुरू. मी हिशोब केला. ही त्रेसष्ट आहे. वरचे दहा कुठून आले?"

तो वाकला, ती फाईल पुसली, आणि तेच प्रकरण पुन्हा कॉन्स्टंटमध्ये काढलं. साडेदहा मेगाबाइट. बावीस मिनिटं. आलेखात रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सपाट, चौसष्टवर. कुठं आवाज आहे, कुठं नाही, काही कळायची सोय नाही.

"हं. झालं," तो म्हणाला. कपाळावरचा घाम त्यानं बाहीनं पुसला. "मेलेल्या माणसाच्या आवाजाशी खेळू नये, अक्षता."

दोन दिवसांनी, बुधवारी सकाळी, ती भाजी निवडत असताना धुळाप्पांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा मोकळा नव्हता.

"ताई, एकट्या हाव का?"

"हो मामा. बोला."

"ते सुईणीचं पुस्तक. अकरावं प्रकरण लई मोठं हाय की वो."

"बावीस मिनिटांचं आहे."

"न्हाय ताई. दोन तास हाय. मी समदं ऐकलं. वाचून झालं की बाई म्हणत्यात, गुरू, झालं रे, दार उघड. हसून म्हणत्यात. मग जरा येळानं परत म्हणत्यात. मग दार वाजवत्यात..."

अक्षताच्या हातातली गवार तशीच राहिली.

"लई वाजवत्यात, ताई. आदी बोटानं, मग मुठीनं. गुरू, लाईट गेलीय... गुरू, पंप बाहेरच्या पिशवीत हाय... मग खोकला. मग आईला हाक मारत्यात. कानडीत. अव्वा, बागिल तगी... म्हंजे दार उघड, आई. मला कानडी येतंय म्हून कळलं." धुळाप्पांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शेवटी नुसता श्वास. तास-दीड तास त्येच. मी बंद कराया गेलो, पर करवंना. वाटलं, कुणीतरी ऐकाय पायजे की."

"आणि... शेवटी?"

"शेवटी कडी वाजती. दार उघडतंय. आन् एक माणूस म्हणतो... म्हणतो, नाटक नको करू हं, काव्या. ऊठ."

अक्षतानं फोन ठेवला. भाजी तशीच टाकून ती पेठेत गेली. खाली माग चालू होते. गुरुशांत बाहेरच्या खोलीत कार्डांवर चिठ्ठ्या चिकटवत होता. तिला बघून हसला.

ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "नाटक नको करू हं, काव्या. ऊठ."

हसू त्याच्या चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला माणूस निघून गेला. चिठ्ठी त्याच्या बोटाला चिकटली होती, ती तो काढत राहिला, काढत राहिला.

"कुणी सांगितलं तुला?" अखेर तो म्हणाला. "तिथं कुणीच नव्हतं."

"तूसुद्धा नव्हतास."

मग तो बोलला. त्या रविवारी मागांना सुट्टी होती, कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. सव्वातीनला काव्या आत बसली, यानं कडी घातली. साडेतीनला मॅच सुरू होणार होती. मित्राचं दुकान तीन गल्ल्या पलीकडं, तिथं मोठा टीव्ही. पाच मिनिटं बघून येतो म्हणून गेला. इकडं वीज गेली, तिकडं गेली नव्हती. दिवा लागला नाही, आणि लागला असता तरी बघायला कोण होतं? परत आला तेव्हा साडेपाचला दोन-तीन मिनिटं कमी होती.

"ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे मिटून. मला वाटलं, चिडलीय, नाटक करतीय..." तो रडायला लागला. "लॅपटॉप बॅटरीवर चालूच होता, अक्षता. सगळं रेकॉर्ड झालं होतं. मी ते बंद केलं, तिला उचललं आणि रिक्षात घातलं. रात्री वाचन तेवढं ठेवलं आणि पुढचं सगळं पुसलं. ऐकलंसुद्धा नाही. आईशपथ, ऐकलं नाही."

"आणि कॉन्स्टंट?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"गुरू. कॉन्स्टंटचा हट्ट कधीपासून?"

"तेव्हा आपण व्हेरिएबलच करायचो," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "तिच्या प्रकरणाची फाईल काढली तर त्रेसष्ट आली. पुसलेलं सगळं थांब्यांमध्ये जाऊन बसल्यासारखी. दहादा काढली. म्हणून मग सगळंच वाचनालय कॉन्स्टंटवर नेलं. सगळ्याला सारखंच... म्हणजे दिसणार नाही."

अक्षताला रडू आलं नाही. तीन वर्षं ही सपाट रेघ तिच्या घरात जेवत होती, झोपत होती. काव्याच्या आठवणीनं रडताना याच्याच खांद्यावर तिनं डोकं ठेवलं होतं. आपण ज्याला सावरलं तो दुःखानं वाकलेला नव्हता, सापडू या भीतीनं वाकलेला होता, हे तिला तेव्हा कळलं.

"उद्या बसम्मांकडं जायचं," ती म्हणाली. "तू सांगायचंस. तुझ्या तोंडानं."

बसम्मा म्हणजे काव्याची आई. अक्कलकोटला, मठाच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. दर वर्षी लेकीच्या तिथीला त्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून सोलापूरला यायच्या आणि गुरुशांतच्या तोंडावरून हात फिरवायच्या. शेवटच्या घटकेला माझ्या पोरीजवळ हा होता, म्हणायच्या.

गुरुवारी सकाळी दहाला ही दोघं पोचली. ओसरीवर बसूनच गुरुशांतनं सांगितलं. मध्ये दोनदा अडकला, मग आपणहून पुढं बोलला. बसम्मा भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत धरलं होतं.

"मी त्या दिवशी तुला फोन केला होता," त्या सावकाश म्हणाल्या. "काव्याचा बंद लागला म्हणून तुला. चार वाजता एकदा, पाच वाजता एकदा. माझा जीव कसा कसाच होत होता. तू काय म्हणालास?"

गुरुशांतची मान खाली गेली.

"म्हणालास, अव्वा, काळजी करू नका, आत वाचालीय, मी बाहेरच बसलोय." त्यांचा आवाज चढला नाही. "मागनं लई लोक ओरडत होते. मी विचारलं, हे काय? तू म्हणालास, रस्त्यावर वरात हाय."

दूर मठात घंटा वाजत होती. बसम्मा आत गेल्या, एक पत्र्याची पेटी घेऊन आल्या, आणि त्यातला घडी पडलेला कागद अक्षतापुढं धरला. "मला मराठी वाचायला येत नाही. तीन वर्षं जपून ठेवलाय. काय लिहिलंय ते आज वाच."

दवाखान्याचा कागद होता. नाव, वय, आणि खाली: मृतावस्थेत आणले, सायंकाळी सहा वाजून दहा मिनिटे.

अक्षतानं तो मोठ्यानं वाचला, आणि वाचता वाचता तिची जीभ अडखळली. पेठेतून दवाखाना रिक्षानं दहा मिनिटांवर. दार उघडलं ते साडेपाचच्या आत. तिनं गुरुशांतकडं बघितलं. त्यानं तिच्याकडं बघायचं टाळलं. उठून तो ओसरीच्या कडेला जाऊन बसला, घराकडं पाठ करून.

बसम्मा कागद घेऊन आत, स्वयंपाकघरात गेल्या. भांडं आपटल्याचा, मग पाण्याचा आवाज आला. तेवढ्यात अक्षताचा फोन वाजला. धुळाप्पा.

ती अंगणात बेलाच्या झाडाखाली गेली.

"ताई, काल सकाळी तुमाला अर्धंच सांगितलं." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "त्या माणसाच्या बोलण्यापाशी संपतंय, आसं मला वाटलेलं. बंद केलतं. काल दुपारी परत लावलं. न्हाय संपलेलं."

"तिथं रेकॉर्डिंग बंद केलं होतं, मामा. त्यानं स्वतः."

"ते मला काय ठाव न्हाय. त्यो दोनदा हाक मारतोय. मग बाहेर जातोय. दार लावतोय... कडी घालतोय, ताई. बाहेरनं."

ओसरीवरची ती पाठ तिला दिसत होती. घामानं सदरा चिकटलेला.

"आणि मग?"

"मग श्वास. लई बारीक... पर हाय. चालू हाय."

ती जिवंत होती. आणि यानं अर्धा तास बाहेर बसून काय सांगायचं ते ठरवलं. अक्षतानं बेलाच्या खोडाला हात टेकला.

"किती वेळ, मामा? किती वेळ चालतो तो श्वास?"

"तेच सांगाया फोन केला. काल दुपारी दोनपास्नं लावलंय. मी जेवलो, झोपलो, उठलो. केराबाईनं दोनदा चार्जिंगला लावलं. आज अकरा वाजाय आले... अजून चालूच हाय. आत्ता बी. ऐका."

त्यांनी प्लेअर फोनजवळ धरला असावा. आधी नुसती खरखर आली. मग, खूप खोलातून, कुणीतरी हवा ओढली. थांबलं. पुन्हा ओढली. अक्षता तो श्वास ओळखत होती. शाळेत पळून आल्यावर शेजारच्या बाकावर तो तिनं शंभरदा ऐकला होता. मग त्या श्वासातून शब्द आला, इतका हलका की फोन कानात दाबून धरावा लागला.

"अव्वा..."

आणि आत, भिंतीपलीकडं, स्वयंपाकघरात बसम्मांनी भांडं खाली ठेवलं.

"ओ," त्या म्हणाल्या. "बंदे, मगळे, बंदे." आले गं पोरी, आले.

फोन स्पीकरवर नव्हता. तो अक्षताच्या कानाशी घट्ट होता.

आत पावलं वाजली, संथ, म्हातारी. परसदारापाशी थांबली. लोखंडी कडी करकरत निघाल्याचा आवाज अक्षतानं एका कानानं ऐकला. दुसऱ्या कानातला श्वास थांबला.

अक्षता ओसरीकडं दोन पावलं सरकली.

"ताई..." धुळाप्पा कुजबुजले. "दार उघडलं की वो. कुणीतरी बाहेर आलं. चालतंय... ओसरीवर आलंय जणू."

गुरुशांत अजून पाठ करूनच बसला होता. कुणीतरी मागून खांद्यावर हात ठेवावा तशी त्याची मान हळूहळू वळायला लागली. फोनमध्ये पुन्हा बाहेरून कडी पडली, आणि मग अक्षताला तिथूनच, अगदी जवळून, त्याचाच आवाज ऐकू आला. दम लागलेला. समोर बसलेल्या गुरुशांतचे ओठ मात्र मिटलेले होते.

"अक्षता," तो आवाज म्हणत होता, "दार उघड..."